औषधी बियांचे अर्क आणि त्यांची अँटिऑक्सिडंट क्षमता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बियांच्या अर्कांवर प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि अर्काची बाटली हातात धरून 'यात अँटिऑक्सिडंट किती?' असे विचारणारे वाचक, दोघांचेही प्रश्न फिरून फिरून तेच येतात. तोंडी उत्तरे देऊन घसा बसायची वेळ आली, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत. आधी बी, मग अर्क, मग चाचणी आणि तिचा आकडा, आणि सगळ्यात शेवटी माणूस, असा क्रम ठेवला आहे. फक्त 'हे घेऊ का?' एवढेच विचारायचे असेल तर थेट शेवटच्या चार-पाच प्रश्नांकडे जा.

बियांमध्येच ही द्रव्ये एवढी का असतात?

बी म्हणजे कोवळ्या रोपाची शिदोरी. या शिदोरीत बहुधा तेल असते, आणि तेल हवेतल्या ऑक्सिजनने खवट होते. तरीही बी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे कोरडे पडून राहते आणि पाणी मिळताच उगवते. मधल्या काळात तेल सांभाळण्याचे काम टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाच्या कुळातली द्रव्ये करतात. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेच्या लाडक्या रोपाचे, ई जीवनसत्त्व तयारच करू न शकणारे वाण अभ्यासले गेले, तेव्हा त्यांच्या बियांची टिकण्याची ताकद घटलेली आढळली. बीच्या सालीतली टॅनिन आणि इतर फिनॉल द्रव्ये वेगळ्या कामाची: बुरशी आणि किडे दूर ठेवणे. झाडाने हा सगळा खटाटोप स्वतःच्या पिलासाठी केलेला असतो. आपल्या तब्येतीचा विचार त्यात कुठेच नव्हता, हे पुढचे आकडे वाचताना ध्यानात असू द्या.

अँटिऑक्सिडंट नेमके करते काय?

फ्री रॅडिकल म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा रेणू किंवा अणू. तो शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढतो, मग तो शेजारी तसाच होतो, आणि साखळी सुरू होते. फिनॉल द्रव्यात कार्बनच्या कड्याला हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, चिकटलेला असतो; ते त्या गटातला हायड्रोजन देऊन टाकते आणि ही साखळी तोडते. असे केल्यावर ते स्वतःही रॅडिकल बनते, पण शांत स्वभावाचे, कारण एकटा उरलेला इलेक्ट्रॉन त्याच्या कड्यात पसरून जातो. कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी शेजारी असतील, तर हे काम आणखी सोपे होते. क्वेर्सेटिन आणि कॅटेचिन ही फ्लॅव्होनॉइड गटातली फिनॉल द्रव्ये चाचण्यांमध्ये बाजी मारतात ती याच रचनेमुळे.

दुसरा मार्ग धातू पकडून ठेवण्याचा. लोहाचा मोकळा आयन हायड्रोजन पेरॉक्साइडपासून अतिशय आक्रमक हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करतो. या अभिक्रियेला फेंटनचे नाव आहे आणि तिचे पहिले वर्णन १८९४ चे. बियांमधले फायटिक आम्ल लोहाला घट्ट धरते, म्हणून तेही अँटिऑक्सिडंटच. पण ते हायड्रोजन देत नाही, त्यामुळे नेहमीच्या रंगचाचण्यांना ते दिसतही नाही.

कोणत्या बियांत काय सापडते?

यादी करायला बसलो तर पान पुरणार नाही. वारंवार विचारल्या जाणाऱ्या बिया तेवढ्या घेतो. मेथीत ट्रायगोनेलिन हे अल्कलॉइड, डायोस्जेनिन देणारी सॅपोनिन, ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसिन हे वेगळेच अमिनो आम्ल आणि भरपूर गॅलॅक्टोमॅनन डिंक. जवसात लिग्नान गटातले एसडीजी (सेकोआयसोलॅरिसिरेसिनॉल डायग्लुकोसाइड), तेही मोकळे नाही तर मोठ्या साखळीत गुंफलेले. ते मोकळे करायला अल्कलीने जलविघटन करावे लागते, नुसत्या अल्कोहोलला ते दाद देत नाही. तिळात सेसामिन आणि सेसामोलिन. यातले सेसामोलिन उष्णतेने फुटून सेसामॉल देते आणि सेसामॉल हे जास्त तडफदार अँटिऑक्सिडंट आहे, म्हणून भाजलेल्या आणि कच्च्या तिळाचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. द्राक्षबियांत कॅटेचिन आणि त्यांच्या साखळ्या, म्हणजे प्रोअँथोसायनिडिन. जांभळाच्या बियांत गॅलिक आणि इलॅजिक आम्ल, शिवाय टॅनिन. सिलिबिनचे घर असलेल्या मिल्क थिसलचे 'बी' हे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत फळ आहे, आणि त्यातले सिलिमारिन (सिलिबिन हा त्याचाच मुख्य घटक) मुख्यतः सालीत असते.

खाजकुइलीच्या बियांबद्दल थोडे जास्त लिहायला हवे. त्यांच्यात एल-डोपा असते. १९३७ मध्येच ते या बियांतून वेगळे करून दाखवले गेले होते. पार्किन्सन्सच्या उपचारातले हे द्रव्य रचनेने कॅटेकॉल आहे, म्हणजे शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट. साहजिकच हा अर्क अँटिऑक्सिडंट चाचणीत चमकतो. विद्यार्थी त्यावरून 'फ्लॅव्होनॉइडयुक्त उत्तम अर्क' असे लिहून मोकळा होतो, आणि चाचणीत उजेड पाडलेला असतो औषधाच्या रेणूने.

बी ओळखण्यात चूक होऊ शकते का?

होते, आणि एकदा झाली की पुढचे सहा महिने पाण्यात. कलौंजी म्हणजे निगेला सटायव्हा. शहाजिरे वेगळ्या कुळातले. काळी जिरी तिसरीच, सूर्यफुलाच्या कुळातली आणि चवीला जहर कडू. कारळे चौथे, तेही सूर्यफुलाच्याच कुळातले. चारही गडद, बारीक, आणि बोलीभाषेत नावांची सरमिसळ झालेली. निव्वळ नावावर विसंबून बी घेऊ नका. वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्या आणि नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, क्रमांकासह जमा करा. रोपाची फांदी हाती नसेल तर थोडे बी पेरून रोप उगवू द्या. वेळ जातो, पण वाया जात नाही.

आधी तेल काढून टाकावे का?

तीळ, जवस, कलौंजी यांसारख्या तेलबियांसाठी बहुतेक वेळा होय. तिळात वजनाच्या साधारण निम्मे, तर जवसात ४० टक्क्यांच्या आसपास तेल असते. ते तसेच ठेवून मेथॅनॉल ओतले तर हाती चिकट, तेलकट गोळा येतो, त्याचे अचूक वजन होत नाही आणि चाचणीत तो पाण्याशी भांडतो. हेक्झेन किंवा पेट्रोलियम इथरने आधी तेल काढले की उरलेली पूड मोकळी, भुसभुशीत होते.

पण ते हेक्झेन ओतून देऊ नका. कलौंजीचे प्रसिद्ध थायमोक्विनोन तेलात जाते. टोकोफेरॉल तेलात जातात. तिळाचे सेसामिनही तेलातच. 'कलौंजीच्या मेथॅनॉल अर्कात थायमोक्विनोन सापडले नाही' असा निष्कर्ष घेऊन एक विद्यार्थी आला होता. ते सापडणार कुठून? आदल्या आठवड्यात हेक्झेनसोबत ते टाकाऊ द्रावकाच्या कॅनमध्ये गेले होते.

द्रावक कोणता निवडावा?

फिनॉल द्रव्यांसाठी ७० ते ८० टक्के इथॅनॉल किंवा मेथॅनॉल, बाकी पाणी. शुद्ध अल्कोहोलपेक्षा असे मिश्रण सहसा जास्त ओढते, कारण पाण्याने पेशीभित्ती फुगतात आणि साखर जोडलेली फ्लॅव्होनॉइड विरघळतात. मेथी आणि जवस नुसत्या पाण्यात टाकले तर बुळबुळीत लापशी होते, गाळणकागद दोन मिनिटांत तुंबतो आणि मग माणूस चिडून फनेल हलवत बसतो. अल्कोहोलमध्ये हा डिंक विरघळत नाही, मागेच राहतो. अर्क पुढे कोणाच्या पोटात जाणार असेल तर मेथॅनॉल नको, इथॅनॉल घ्या. मेथॅनॉल विषारी आहे आणि 'सगळे उडून गेले असेल' ही खात्री नव्हे, आशा आहे.

सॉक्सलेट बरे की थंड मुरवण?

गरम द्रावक पुडीवरून पुन्हा पुन्हा फिरवणारे सॉक्सलेटचे उपकरण १८७९ मधले, मुळात दुधातली चरबी मोजण्यासाठी तयार झालेले. तेल काढायला आजही त्याच्याइतके सोयीचे दुसरे नाही. पण त्यात काढलेली द्रव्ये खालच्या फ्लास्कमध्ये तासन्‌तास उकळत राहतात. मेथॅनॉल ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, ते अनेक फिनॉल सहन करतात, तरी आठ-दहा तासांत नाजूक द्रव्यांची वाट लागू शकते. बाष्पनशील द्रव्ये हवी असतील तर सॉक्सलेट बादच. माझा कल तेलासाठी सॉक्सलेट आणि फिनॉलसाठी अंधारात, हलवत, चोवीस तासांच्या दोन मुरवणी असा आहे. नंतर द्रावक उडवताना रोटरी इव्हॅपोरेटरच्या पाण्याचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

प्राथमिक रासायनिक चाचण्यांवर किती विश्वास ठेवावा?

'आहे की नाही' यापुरता, आणि बियांच्या बाबतीत तेवढाही नाही. मायरच्या अभिकर्मकाने पांढरट साका आला की आपण 'अल्कलॉइड आहे' असे लिहितो. पण प्रथिनांनीही साका येतो, आणि बिया प्रथिनांनी भरलेल्या असतात. फेस आला की सॅपोनिन, असे म्हणतो, प्रथिनेही फेस धरतात. म्हणून अल्कलॉइडसाठी अर्क आधी आम्लात घेऊन, मग अल्कली करून, सेंद्रिय द्रावकात ओढावा आणि त्यावर मायर व ड्रॅगेनडॉर्फ दोन्ही लावावेत. फिनॉलसाठी फेरिक क्लोराइडचा निळा-काळा किंवा हिरवट रंग आणि फ्लॅव्होनॉइडसाठी शिनोडा चाचणीची गुलाबी-लाल छटा त्यामानाने भरवशाच्या. तक्त्यात अधिकचे एक, दोन, तीन चिन्ह देण्याची पद्धत मला कधीच पटली नाही. तीन चिन्हांचा अर्थ लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही.

फॉलिन चाचणी 'एकूण फिनॉल' मोजते ना?

नाव तसे पडले आहे खरे. फॉलिन आणि सिओकाल्ट्यू यांनी १९२७ मध्ये हे अभिकर्मक मांडले ते प्रथिनांमधले टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन मोजण्यासाठी. १९५१ ची लोवरी प्रथिनचाचणी याच अभिकर्मकावर चालते. फिनॉलसाठी आज वापरली जाणारी पद्धत १९६५ च्या सिंगलटन आणि रोसी यांच्या कामातून आली. मूळ हेतू पाहिला की मर्यादा आपोआप कळते: जे जे क्षपण करू शकते, म्हणजे समोरच्याला इलेक्ट्रॉन देऊ शकते, ते ते निळा रंग देते. क जीवनसत्त्व देते, काही शर्करा देतात, प्रथिने तर देतातच. पाण्यात काढलेल्या बियांच्या अर्काचा आकडा म्हणून फुगलेला येतो. तो खोटा नाही, पण त्याला 'फॉलिनला प्रतिसाद देणारी एकूण द्रव्ये' म्हणणे जास्त प्रामाणिक.

फ्लॅव्होनॉइडचा आकडा एकूण फिनॉलपेक्षा जास्त आला. हे कसे?

दोन्हींचे माप वेगळे आहे. एक गॅलिक आम्लाच्या तुलनेत, दुसरे क्वेर्सेटिनच्या. वेगवेगळ्या फूटपट्ट्यांचे आकडे एकमेकांतून वजा करू नयेत. शिवाय ॲल्युमिनियम क्लोराइडची, ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंग मोजणारी पद्धत सगळ्या फ्लॅव्होनॉइडना ओळखत नाही. ती क्वेर्सेटिनसारख्या फ्लॅव्होनॉलवर खूश असते, कॅटेचिनकडे जवळजवळ पाठ फिरवते. द्राक्षबियांचा अर्क या पद्धतीने मोजला तर फ्लॅव्होनॉइड नगण्य दिसतील, आणि प्रत्यक्षात तो अर्क म्हणजे कॅटेचिनचा खजिना.

डीपीपीएच चाचणीत नेमके काय घडते?

ही चाचणी एकदा डोळ्यांनी पाहावी. डीपीपीएच हे बाटलीत भरून ठेवता येणारे रॅडिकल आहे, आणि हीच त्याची नवलाई. १०० मिलिलिटर मेथॅनॉलात ३.९४ मिलिग्रॅम विरघळवले की ०.१ मिलिमोलरचे गडद जांभळे द्रावण होते. त्यात क जीवनसत्त्वाचे दोन-चार थेंब टाका. नळी हलवेपर्यंत जांभळा रंग विरत जातो आणि खाली फिकट पिवळा उरतो. बियांचा अर्क टाकला तर हेच पण संथपणे होते: आधी जांभळ्याचा मळकट गुलाबी, मग तांबूस, मग पिवळट. मोठ्या टॅनिन रेणूंना डीपीपीएचच्या अडगळीतल्या इलेक्ट्रॉनपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. म्हणून मिश्रण अर्धा तास अंधारात ठेवून ५१७ नॅनोमीटरवर वाचन घेतात, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजतात. वनस्पतींच्या अर्कांसाठी आज सगळीकडे चालणाऱ्या या पद्धतीचे मूळ ब्लॉइस यांच्या १९५८ च्या लेखात आहे.

दोन खबरदाऱ्या. मिश्रणात पाणी फार झाले तर डीपीपीएच विरघळलेले राहत नाही, द्रावण धूसर होते आणि यंत्र त्या धुक्यालाच रंग समजते. आणि द्रावण रोज ताजे करा. परवाचे उरलेले वापरणाऱ्याचा आलेख मला लांबूनच ओळखता येतो.

अर्क मुळातच पिवळा-तपकिरी आहे. त्याने निकाल बिघडतो का?

बिघडतो, आणि दुर्दैवाने बहुतेक जण हे विसरतात. उदाहरण धरू. नुसत्या डीपीपीएचचे शोषण ०.९८, अर्क टाकल्यावर ०.४१. सरळ हिशेबाने ५८.२ टक्के क्षमता. आता तेवढाच अर्क नुसत्या मेथॅनॉलात टाकून पाहिला, तर त्याचे स्वतःचेच शोषण ०.०६ निघाले. म्हणजे डीपीपीएचचे खरे उरलेले शोषण ०.३५ आणि क्षमता ६४.३ टक्के. सहा टक्क्यांचा फरक एका नळीने पडला. प्रत्येक तीव्रतेला ही जास्तीची नळी ठेवावीच लागते. कंटाळवाणे आहे, पण पर्याय नाही.

आयसी-५० म्हणजे काय, आणि माझा आकडा बरोबर आहे हे कसे ओळखू?

निम्मे रॅडिकल संपवायला लागणारी तीव्रता म्हणजे आयसी-५०. आकडा जितका लहान तितका अर्क जोरकस. ही उलटी चाल लक्षात न राहिल्याने प्रबंधांत गमतीजमती होतात.

पडताळणीची एक सोपी युक्ती सांगतो. क जीवनसत्त्वाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू निकामी करतो. अंतिम मिश्रणात डीपीपीएच ०.१ मिलिमोलर असेल तर निम्मे म्हणजे ५० मायक्रोमोलर संपवायला २५ मायक्रोमोलर क जीवनसत्त्व पुरते. त्याचा रेणुभार १७६. गुणाकार केला की उत्तर येते मिलिलिटरला सुमारे ४.४ मायक्रोग्रॅम. तुमच्या वहीत क जीवनसत्त्वाचा आयसी-५० चाळीस आला असेल, तर अर्काकडे वळूच नका. एक तर क जीवनसत्त्वाचे द्रावण शिळे आहे, नाहीतर तीव्रता मोजताना तुम्ही टाकलेल्या द्रावणाची धरली, अंतिम मिश्रणाची नाही. दुसरी चूक इतकी सर्रास होते की दोन शोधनिबंधांतले आयसी-५० शेजारी ठेवून तुलना करणे मी सोडून दिले आहे. आपल्याच टेबलावर, त्याच दिवशी, त्याच डीपीपीएचवर मोजलेले दोन अर्क तेवढे तुलनेला घ्यावेत.

एबीटीएस आणि फ्रॅप या चाचण्याही करायलाच हव्यात का?

एकच चाचणी करून 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द लिहू नये, असे माझे मत. एबीटीएसचे निळे-हिरवे रॅडिकल आदल्या दिवशी बनवावे लागते: ७ मिलिमोलर एबीटीएस, २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट, १२ ते १६ तास अंधारात. मग शोषण ०.७० च्या आसपास येईल इतके पातळ करून ७३४ नॅनोमीटरवर मोजतात. पाण्यात आणि अल्कोहोलात दोन्हीकडे ते चालते आणि इतक्या लांब तरंगलांबीवर अर्काचा पिवळा रंग मध्ये येत नाही. फ्रॅपमध्ये तर रॅडिकल नसतेच. ३.६ पीएचला अर्क फेरिक लोहाचे फेरसमध्ये रूपांतर किती करतो ते ५९३ नॅनोमीटरच्या निळ्या रंगाने कळते. १९९६ मध्ये मांडली गेली तेव्हा ती रक्तद्रवासाठी होती.

तिन्हींचे निकाल जुळले नाहीत तर घाबरू नका. थायमोक्विनोनचे उदाहरण घ्या. ते क्विनोन असल्याने त्याच्याकडे द्यायला फिनॉलचा हायड्रोजनच नाही. क्षपण होऊन थायमोहायड्रोक्विनोन झाले की मग देते. नळीत गप्प बसणारे द्रव्य पेशीत बोलू लागते, ते असे.

निकाल अर्काच्या ग्रॅमला द्यावा की बियांच्या ग्रॅमला?

दोन्ही. समजा दहा ग्रॅम पुडीतून इथॅनॉलने ०.८ ग्रॅम अर्क निघाला आणि त्यात ग्रॅमला ६० मिलिग्रॅम फिनॉल भरले. गरम पाण्याने २.५ ग्रॅम अर्क निघाला, पण ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच. अर्काच्या हिशेबाने इथॅनॉल दुप्पट सरस. बियांच्या हिशेबाने इथॅनॉलने ४.८ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम काढले, पाण्याने ७.५. म्हणजे हरलेला गडी जिंकला. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण असे निकाल वहीत नेहमी येतात. कोरडे वजन की ओलसर, हेही लिहा.

नळीत चालले म्हणजे शरीरात चालेल का?

नाही, एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. पोटात गेलेल्या फ्लॅव्होनॉइडचा थोडाच भाग शोषला जातो. आतड्याची भिंत आणि यकृत त्याला लगेच ग्लुकुरोनाइड, सल्फेट, मिथाइल असे गट जोडतात, आणि ते जोडले जातात नेमके त्याच हायड्रॉक्सिल गटांवर, ज्यांच्या जोरावर नळीत रंग उडाला होता. रक्तात उरते ते नॅनोमोलर ते थोडे मायक्रोमोलर. शरीराचे स्वतःचे यूरिक आम्ल त्याच्या कैक पट असते. सफरचंद खाल्ल्यावर रक्तद्रवाची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते ती मुख्यतः फळातल्या फ्रुक्टोजमुळे यूरिक आम्ल वाढते म्हणून, हे २००४ मध्ये दाखवले गेले.

याचा अर्थ ही द्रव्ये निरुपयोगी असा नाही. त्यातली काही एनआरएफ-२ नावाच्या प्रथिनाला जागे करतात आणि मग पेशी आपली संरक्षक एन्झाइमे स्वतःच वाढवते. म्हणजे रॅडिकल पकडणारा शिपाई म्हणून नाही, तर दारावर टकटक करणारा निरोप्या म्हणून ती काम करत असावीत. आणि हे काम डीपीपीएच मोजत नाही.

मग जितके जास्त अँटिऑक्सिडंट तितके चांगले, असेही नाही?

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. हा निकाल १९९४ चा. सिलेक्ट या ३५,५३३ पुरुषांच्या चाचणीत नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला, तो निकाल २०११ चा. दोन्ही द्रव्ये कागदावर उत्तम अँटिऑक्सिडंट. शरीर रॅडिकल्सचा वापर जंतू मारायला आणि पेशींमध्ये निरोप पाठवायलाही करते, सगळीच विझवून टाकणे त्याला परवडत नाही.

वेष्टनावर ओरॅक मूल्य छापलेले असते. ते पाहून निवड करावी का?

नाही. ओरॅक हाही नळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचाच आकडा. अमेरिकेच्या कृषी विभागाने आपली ओरॅक मूल्यांची यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. नळीतल्या या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवता येत नाही आणि विक्रीसाठी त्यांचा गैरवापर होतो, हे कारण त्यांनी दिले होते.

बियांचा अर्क नैसर्गिक असतो, मग त्याने अपाय कसा होईल?

गुंजेत ॲब्रिन आहे, एरंडात रिसिन, कुचल्यात स्ट्रिक्निन, धोत्र्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन. सगळी नैसर्गिक, सगळी बियांमध्ये, आणि सगळी जीव घेऊ शकणारी. कडू बदाम आणि जर्दाळूच्या गरात अमिग्डालिन असते, त्यातून सायनाइड सुटते. बावचीतले सोरालेन त्वचेला उन्हाबाबत इतके हळवे करते की फोड येतात. यातल्या काही बियांचे अर्क डीपीपीएचमध्ये झकास निकाल देतील. ती चाचणी विषाला विचारतच नाही.

ज्या बिया एरवी निरुपद्रवी, त्यांचाही अर्क केला की मात्रा बदलते. चमचाभर पूड आणि तिचा दहापट घट्ट केलेला अर्क एकच नव्हेत. रक्त पातळ करणारी, रक्तातली साखर उतरवणारी किंवा पार्किन्सन्सची औषधे चालू असतील, गर्भारपण असेल किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर डॉक्टरांना अर्काचे नाव सांगितल्याशिवाय तो सुरू करू नका.

एखाद्या बियांच्या द्रव्याचे खरोखर औषध झाले आहे का?

झाले आहे. मिल्क थिसलचे सिलिबिन शिरेतून देण्याच्या रूपात युरोपात अमॅनिटा या विषारी अळंबीच्या विषबाधेवर वापरले जाते. पण तिथवर ते शुद्ध करून, मात्रा ठरवून आणि यकृताच्या पेशीत विष शिरण्याची वाट ते कशी अडवते हे पाहून पोहोचले आहे.

अर्क किती दिवस टिकतो?

पूर्ण वाळवलेला, तपकिरी काचेत, उणे २० अंशांवर, वर नायट्रोजन सोडून झाकण लावलेला, तर महिनोन्महिने. द्रावणात, टेबलावर, उजेडात असेल तर आठवडाभराचीही हमी देऊ नये. खाजकुइलीचा पाण्यातला अर्क सकाळी फिकट मधासारखा होता, झाकण उघडे राहिले आणि दुसऱ्या दिवशी काळ्या शाईसारखा झाला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. एल-डोपाचे ऑक्सिडीकरण होऊन मेलॅनिनसारखे रंगद्रव्य तयार झाले होते. अर्क गडद होऊ लागला असेल तर त्याच बाटलीतून पुढच्या चाचण्या उरकू नका. नवा काढा, आणि बाटलीवर तारखेसोबत वेळही लिहा.